कातड्याची चव

आम्ही ढोर. कातडी कमावणारे. एवढं वाक्य कागदावर उतरवायला मला पन्नाशी उलटावी लागली. माझी नोकरी नक्कलनविसाची. दुसऱ्यांचे अर्ज, जबान्या, पंचनामे जसेच्या तसे उतरवून काढण्यात उमर गेली. स्वतःची जबानी तेवढी राहिली होती.

तिसाव्या सालानंतरची तीन-चार वर्षं आम्ही नाशकात गंगापूर रोडला राहत होतो. तेव्हा तिकडे वस्ती कसली, पेरूच्या बागा आणि भाजीचे मळे. एका बागाईतदाराने विहिरीपासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या बांधल्या होत्या, त्या आम्हाला भाड्याने मिळाल्या. मी आणि माझी बायको. मूलबाळ अजून नव्हतं.

आमचं आडनाव असं आहे की ते शेतकऱ्यांत सापडतं, शिंप्यांत सापडतं आणि आमच्यातही सापडतं. खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी आडनाव ऐकलं आणि विचारलं, "कुठले तुम्ही?"

"सिन्नरकडचे."

"मग आपल्यातलेच की!"

मी हसलो. बस, एवढंच. मी कधी खोटं बोललो नाही, अशी माझी पुढे बरीच वर्षं समजूत होती. समोरच्याने काही धरून चालावं आणि आपण ते दुरुस्त करू नये, यात खोटं कुठे आलं? कायद्याच्या कागदांत वावरणाऱ्या माणसाला अशा पळवाटा लवकर सापडतात.

माझा एक चुलता देवळालीच्या छावणीत घोड्यांची खोगिरं शिवायला होता. त्याच्याकडे राहून मी इंग्रजी शिकलो आणि नोकरीला लागलो. वडील तोवर वारले होते. आई आणि थोरला भाऊ गावी होते. मी वर्षातून एकदा जात असे, मालकांना सांगायचो की सासुरवाडीला चाललोय. परत येताना कपडे वाटेतल्या ओढ्यात दोनदा धुवायचे, कारण चुना आणि बाभळीच्या सालीचा वास कापडात बसतो आणि तो माहीत असलेल्याला लगेच कळतो. माहीत नसलेल्यालाही कळतो, फक्त त्याला तो कशाचा ते सांगता येत नाही. तो नुसतं नाक मुरडतो.

बायको माझ्यापेक्षा हुशार. मालकीणबाईंना ती काकी म्हणायची. त्यांच्याकडे बघून बघून तिने सगळं उचललं, पदर कसा घ्यायचा, उपासाला काय चालतं, सवाष्णीला कसं वाढायचं. काकींनी एकदा आमचं देवक विचारलं. हिने क्षणभर थांबून सांगितलं, "पंचपालवी." काकी खूश, त्यांचंही तेच. घरी येऊन ही म्हणाली, "अहो, खरं तेच सांगितलं. आपलं तेच आहे ना?" होतं तेच. खरं सांगूनही चोरी केल्यासारखं वाटावं, असे ते दिवस. तिने 'आपल्यात' हा शब्द सारखा घोकून ठेवला होता. आपल्यात असं करत नाहीत, आपल्यात ह्या दिवशी गोड लागतं. काकींसमोर चुकू नये म्हणून ती घरातही तसंच बोलायची, आणि मला पहिल्यांदा हसू यायचं, पुढे येईनासं झालं.

त्या वर्षांत गावात देवळाच्या दारापुढे आपली माणसं येऊन बसत होती. आत घ्या म्हणत होती, मार खात होती. कचेरीत त्यावर रोज चर्चा. कोणी म्हणे यांना चढवून ठेवलंय, कोणी म्हणे बसतील चार दिवस आणि जातील. मी मान खाली घालून नक्कल उतरवायचो. घरी जाताना त्या बाजूचा रस्ता टाळायचो. गर्दीत गावाकडचा कोणी असला आणि त्याने हाक मारली तर काय, एवढाच विचार. लोकांना आत घ्यावं की नाही याबद्दल माझं मत काय होतं, ते मला आज आठवत नाही. बहुधा मी ते होऊच दिलं नव्हतं.

आता मोटेचं सांगतो.

मालकांच्या विहिरीवर दोन बैलांची मोट चाले. कातड्याचा मोठा पोहरा, खाली निमुळती सोंड. बैल उतारावरून खाली गेले की मोट वर येई, सोंडेतून पाणी दगडी थारोळ्यात पडे आणि तिथून पाटाने बागेत जाई. त्याच थारोळ्यातून आम्ही सगळे पिण्याचं पाणी भरायचो. मोट करून देणारा ढोर मात्र बैलांच्या उताराच्या खालच्या टोकाला उभा राहायचा. त्याला पाणी लागलं तर गडी वरून ओंजळीत ओतायचा.

हा म्हातारा होता. साठीच्या पुढचा, अंगाने वाळलेला. नखं बाभळीच्या पाण्याने कायमची तांबूस झालेली, माझ्या वडिलांची होती तशी. मालकांचा दहा-बारा वर्षांचा नातूदेखील त्याला अरेतुरे करायचा आणि तो नातवाला "धाकलं मालक" म्हणायचा. आसपासच्या पाच-सहा मळ्यांच्या मोटा त्याच्याकडे. त्या बदल्यात सुगीला धान्य आणि मेलेल्या जनावराचं कातडं, असा जुना रिवाज.

दसऱ्याला त्याने नवी मोट आणली. काकींनी तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पहिल्या मोटेचं पाणी पाटात सोडून दिलं. नारळाचा एक तुकडा म्हाताऱ्याच्या पंच्यात टाकला. मालक म्हणाले, "काय रे, टिकेल ना? का आमचं नशीब आणि तुझी मोट?"

म्हातारा म्हणाला, "मालक, तुमच्या नातवाच्या लग्नापोतर कायबी व्हनार नाय. पर तेल पाजा तिला. बैलाला चारता, मंग मोटंला नको का?"

सगळे हसले. मी ओट्यावर उभा होतो. मोट ओली होऊन वर आली तेव्हा तिच्या रंगावरून मला कळलं होतं की कातडं चार महिने तरी सालीच्या पाण्यात टांगलेलं आहे. हात लावायची गरज नव्हती.

दिवाळीआधी मालकांनी गोठा रंगवायला काढला. विहिरीशेजारी खड्डा करून कळीचा चुना विरवला. पाडव्याला बैलांना काम नसतं. शिंगं रंगवली, ओवाळलं, गोडधोड चारलं. मोट विहिरीवरून सोडून गड्याने बाजूला टाकली, ती नेमकी चुन्याच्या खड्ड्यात अर्धी. ओली मोट, ओला चुना. पाडवा आणि भाऊबीज, दोन दिवस ती तशीच पडून होती.

मी ती पाडव्याच्या सकाळी पाहिली. अंघोळीचं पाणी आणायला गेलो होतो. कमावलेल्या कातड्याला चुना लागला की ते काळवंडतं आणि पापडासारखं मोडतं, हे आमच्यात चालायला शिकलेल्या पोराला ठाऊक असतं. चुना केस काढायला, कमावण्याच्या आधी. नंतर त्याची सावलीसुद्धा नको. माझी बादली भरली, मी तिथे उभा होतो, जवळपास कोणी नव्हतं. मोट ओढून बाजूला करायला मला पाच पळ लागले असते. पण मनात आलं, कोणी पाहिलं आणि विचारलं, 'रावसाहेब, तुम्हाला हे कसं ठाऊक?' तर?

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "मग उचलायची होती."

"आणि काय सांगायचं?"

"पायात आली म्हणून बाजूला केली. एवढं काय लागतं सांगायला?"

मी म्हणालो, गडी बघेल. गड्याने बघितलं नाही.

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी मोट भरून वर येता येता बुडाशी फाटली. बैलांना एकदम हिसका बसला, एक बैल गुडघ्यावर आला. मालक असे तापलेले मी कधी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाताऱ्याला बोलावणं गेलं. शेजारच्या मळ्यांचे दोन मालकही आले, कारण त्यांच्या मोटाही त्याच्याच. रविवार होता, मी घरी होतो.

मोट विहिरीजवळ पसरून ठेवलेली. म्हातारा आपल्या जागी, उताराच्या खालच्या टोकाला.

"कच्चं कातडं घातलंस गळ्यात," मालक म्हणाले. "एक महिना नाही झाला. बैल गेला असता माझा!"

"मालक, चार मयने टांगनीला व्हतं. हिरडा घातला, साल घातली, मी सोता पानी बदाललं."

"मग फाटली कशी? माझ्या नजरेने?"

म्हाताऱ्याने मोटेकडे बोट केलं. "खाली चुना लागलाय. बगा ना, काळं पडलंय. वर न्हाई पडलं, खालीच पडलंय."

शेजारचे एक मालक म्हणाले, "घ्या! म्हणजे चूक तुमचीच, दादा. याची मोट, आणि पाप तुमचं."

"अरे चुना हाताला लागतो, भिंतीला लागतो, तेव्हा काही फाटत नाही," मालक म्हणाले. "तुझ्याच कातड्याला बरा फाडतो तो!"

म्हाताऱ्याने कमरेची रापी काढली, कातडं कापायची ती रुंद सुरी, आणि म्हणाला, "वरच्या अंगाची कोर काडून देतो. कड बगा. कच्चं असंल तर मधी पांढरी रेघ दिसंल. न्हाई दिसली तर माजी काय चूक नाय." गड्याने मोट त्याच्याकडे ढकलली. त्याने धडधाकट बाजूचा बोटभर पट्टा कापला, मधल्या दगडावर ठेवला आणि परत मागे सरून उभा राहिला.

पट्ट्याकडे तिघांनी पाहिलं. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. मालक माझ्याकडे वळले. "रावसाहेब, तुम्ही शिकलेले. तुम्ही बघा बरं. तुम्ही काय म्हणाल ते मला मान्य. आणि मग हात धुऊन घ्या."

मी पट्टा उचलला. उजेडाकडे धरून बघावं म्हणून मागे वळलो. उजेड पश्चिमेकडून येत होता, त्यामुळे त्या तिघांकडे माझी पाठ झाली आणि तोंड म्हाताऱ्याकडे.

वडील म्हणायचे, डोळा फसतो, जीभ फसत नाही. कच्चं कातडं कडेला गोडसर, बुळबुळीत लागतं. चुना राहिला असेल तर जीभ चुरचुरते. पक्कं कातडं हिरड्यासारखं तुरट. लहानपणी त्यांनी कापून पुढे केलेली कड मी शेकडो वेळा चाखली असेन. तो विचार करून करायचा भाग नाही. तिखट खाल्लं की माणूस पाणी मागतो, तसा तो होतो.

मी पट्टा दुमडला, करकर ऐकायला कानाशी नेऊन दाबला आणि कडेला जिभेचं टोक लावलं.

मग मला कळलं की मी काय केलं. वर पाहिलं तर म्हातारा माझ्याकडे पाहत होता. त्याचा चेहरा बदलला नाही. रापी पुसत होता, तो हात तेवढा थांबला.

त्या क्षणी त्याला फक्त तोंड उघडायचं होतं. 'साहेबास्नीच इचारा, त्यांना ठावं हाय,' एवढं म्हटलं असतं तर त्याची मोट खरी ठरली असती आणि माझं बिऱ्हाड संध्याकाळच्या आत रस्त्यावर आलं असतं. तो वाट बघत होता. मीच बोलावं म्हणून.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं, "मला विचारलं. मी म्हटलं, मला यातलं काय कळणार."

ती म्हणाली, "पुस्तकात वाचलंय म्हणायचं. तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, त्यांना काय ठाऊक कशात काय लिहिलंय. चुन्याने कातडं जळतं असं वाचलं, म्हणायचं. कोणी विचारलं नसतं."

मी म्हणालो, "सुचलं नाही."

या दोन्ही गोष्टी खोट्या. पुढे बरीच वर्षं मी स्वतःलाही त्याच सांगितल्या, आणि त्या इतक्यांदा सांगितल्या की खऱ्या वाटू लागल्या. पुस्तकाचं मला तिथल्या तिथे सुचलं होतं, पट्टा हातात असताना. सबब चांगली होती. ती वापरली नाही, कारण सबब कितीही चांगली असली तरी तिच्यानंतर कोणीतरी माझ्याकडे अर्धा पळ जास्त बघितलं असतं. तो अर्धा पळ मला नको होता. आणि मी 'मला काय कळणार' असंही म्हणालो नाही. मी मालकांकडे वळलो आणि म्हणालो,

"कच्चंच वाटतंय, दादा."

पट्टा दगडावर ठेवला आणि थारोळ्यावर जाऊन हात धुतले.

पुढचं थोडक्यात झालं. म्हाताऱ्याने मोट खांद्यावर टाकली आणि नेली. वाद घातला नाही. शेजारच्या दोघांनी त्याच दिवशी सांगून टाकलं की पुढच्या सुगीला येऊ नको. शिकलेल्या माणसाने निकाल दिला म्हटल्यावर बाकीच्या मळ्यांतही बातमी गेली. आठ दिवसांत मालकांनी पत्र्याची मोट आणली. ती विहिरीच्या कडेला आदळून मोठा आवाज करायची. काकी म्हणायच्या, आवाज असू दे, भरवसा तरी आहे.

त्यानंतर एका सकाळी मी कचेरीला निघालो होतो. बागांचा बांध संपून रस्ता लागतो तिथे म्हातारा बसला होता. सोबत गाठोडं. मला बघून उठला. आसपास कोणी नव्हतं, तरी त्याने आवाज खाली आणला.

"कोन्या टांगनीवरचं, बाबा?"

टांगणी म्हणजे सालीचं पाणी भरून कातडं जिथे टांगतात ती जागा. आमच्यात घर विचारायचं तर असंच विचारतात. मी उत्तर दिलं नाही.

तो हसला. रागाचं हसू नव्हतं, तेच अवघड गेलं. "ऱ्हाऊ द्या. मी कुनाला बोललो नाय, बोलनार बी नाय. पोटाला लागतंच समद्यांच्या." मग गाठोडं उचलता उचलता म्हणाला, "येक सांगू का? जीब लावायची ती घरात लावत जा. भाइर नगं. येकांदा माझ्यावानी बगल, अन् त्याला माझ्याएवडी अक्कल नसंल."

आणि तो गेला. सिन्नरच्या रस्त्याने गेला की पुढे कुठे, ते मी बघितलं नाही. मला कचेरीला उशीर होत होता.

मी खरं काय म्हणालो ते बायकोला चार दिवसांनी काकींकडून कळलं असावं. काकी तिला म्हणाल्या असणार, तुमच्या ह्यांनी बरोबर ओळखलं हो, कच्चंच होतं. तिने मला कधी विचारलं नाही. एवढंच झालं, की त्यानंतर घरात तिच्या तोंडी 'आपल्यात' हा शब्द आला नाही. काकींसमोर ती म्हणायची, पण दार लावलं की 'त्यांच्यात' म्हणायची. त्यांच्यात आज गोड असतं. त्यांच्यात ह्या दिवशी केस धूत नाहीत. मला वाटायचं, ती काकींच्या लोकांबद्दल बोलतेय. कधी वाटायचं, मलाही त्यांच्यात धरून बोलतेय. विचारायचं धाडस झालं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

वर्षभरात माझी बदली झाली आणि आम्ही नाशिक सोडलं. पुढच्या गावीही आडनाव कामाला आलं. मुलं झाली, ती शिकली. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. हे वाचतील तेव्हा कळेल, आणि मग त्यांना जे वाटेल ते वाटो. मी माझी जात लपवली याची मला म्हणावी तेवढी लाज वाटत नाही. तेव्हा लपवली नसती तर कोणी छप्पर दिलं नसतं, हेही खरंच आहे. पण त्या लपवण्याची किंमत मी भरली नाही, दुसऱ्याकडून भरून घेतली. माझ्याच धंद्यातल्या माणसाचं चार महिन्यांचं काम मी चाखून पाहिलं, मला ते ठाऊक होतं, आणि मी ते खोटं ठरवलं.

चांभाराकडे चपला घ्यायला गेलो की अजूनही हात कडेकडे जातो. तोंडापर्यंत नेत नाही. म्हाताऱ्याचं तेवढं ऐकलं.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे, ते इथे देतो. सिन्नरच्या अलीकडे ओढा वळतो, त्या वळणावर बाभळीखाली सात टांगण्या होत्या. पाण्याच्या अगदी जवळची ती आमची. मी तिच्यावरचा. आणि ते कातडं पक्कं होतं. कडेपासून मध्यापर्यंत एकच रंग होता, पांढरी रेघ नव्हती, आणि जिभेला ते तुरट लागलं.